गोल नसलेल्या डक्टमध्ये लॅमिनर फ्लोचं हीट ट्रान्सफर कसं काढायचं: टेबल, एक फॉर्म्युला आणि एक्सेल

गोल पाइपमध्ये लॅमिनर फ्लो (म्हणजे न घुसळता थराथराने वाहणारा) असला की आपण सगळे निवांत असतो, नसेल्ट नंबर (भिंत आणि द्रव यांच्यात उष्णता किती सहज जाते ते सांगणारा बिनएककाचा आकडा) ३.६६ नाहीतर ४.३६ लिहायचा आणि पुढच्या स्टेपला जायचं. पण आज प्रत्यक्ष कामात येणारे लॅमिनर डक्ट बरेचदा गोल नसतातच. बॅटरी थंड करणाऱ्या कोल्ड प्लेटमधले (आतून पाणी फिरणारी धातूची प्लेट) चॅनल आयताकृती, प्लेट-फिन हीट एक्स्चेंजरमधले त्रिकोणी किंवा आयताकृती, गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली भोकं साधारण एक मिमीची आणि बहुधा चौकोनी, आणि या सगळ्यांत फ्लो इतका बारीक किंवा इतका सावकाश की टर्ब्युलन्सचा प्रश्नच येत नाही. पुण्या-नाशकाकडे ऑटोमोबाइलच्या कूलिंगवर काम करणारे आणि बीईचा प्रोजेक्ट करणारे, दोघांनाही हे सारखंच लागतं, म्हणून पूर्ण रीत एका जागी लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो कारण माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लोक आधी आकार बघतात. त्रिकोण आहे ना, मग त्रिकोणाचा आकडा टेबलातून उचला, झालं. खरं तर आकाराचा नंबर चौथा लागतो. आधी फ्लो लॅमिनर आहे का, मग तो डेव्हलप झालाय का (म्हणजे वेगाचं आणि तापमानाचं प्रोफाइल पुढे बदलायचं थांबलंय का), मग भिंतीवर काय चाललंय, आणि त्यानंतर आकार. हा क्रम पाळला नाही तर आकाराचं टेबल कितीही अचूक असलं तरी उत्तर दीडपट-दुप्पट चुकू शकतं, आणि ते खाली आकड्यांनी दाखवतोच.

पहिल्यांदा हायड्रॉलिक डायमीटर काढा. चार गुणिले आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, भागिले ओली परिमिती. ओली म्हणजे जिथे द्रव भिंतीला लागतो ती सगळी परिमिती, मग ती भिंत गरम असो वा नसो. काही जण फक्त गरम भिंतींची परिमिती घेतात, तसं केलंत तर तुमचा आकडा कुठल्याच टेबलाशी जुळणार नाही, कारण छापील टेबलं साधारणपणे पूर्ण ओल्या परिमितीवर बनवलेली असतात. मग रेनॉल्ड्स नंबर काढा (घनता × वेग × हायड्रॉलिक डायमीटर ÷ व्हिस्कॉसिटी), साधारण २३०० च्या खाली असेल तर लॅमिनर धरायला हरकत नाही. २००० च्या पुढे गेलात की जरा सांभाळून, इनलेटला धारदार कोपरा असेल किंवा पंप धडधडत असेल तर फ्लो आधीही बिघडू शकतो.

आता डेव्हलप झालाय की नाही. वेगाचं प्रोफाइल स्थिर व्हायला लागणारं अंतर साधारण ०.०५ × रेनॉल्ड्स × हायड्रॉलिक डायमीटर, आणि तापमानाचं प्रोफाइल स्थिर व्हायला त्याच्या प्रान्टल पट (प्रान्टल नंबर म्हणजे उष्माधारकता × व्हिस्कॉसिटी ÷ कंडक्टिव्हिटी). हवेसाठी प्रान्टल ०.७ च्या आसपास असल्याने दोन्ही जवळपास बरोबरीने होतात. पाण्यासाठी ४ ते ७, म्हणजे तापमान वेगाच्या बरंच मागे राहतं. तेलासाठी प्रान्टल शेकड्यात जातो आणि मग कितीही लांब पाइप घ्या, तापमान कधी डेव्हलप होतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून ऑइल कूलरच्या गणितात फुली डेव्हलप्ड आकडा टाकलेला दिसला की मी तिथेच थांबतो आणि लांबी विचारतो.

तिसरी गोष्ट भिंत. इथे तीन केसेस असतात आणि टेबलात त्या टी, एच-१, एच-२ अशा नावाने असतात. टी म्हणजे भिंतीचं तापमान सगळीकडे सारखं, उदाहरणार्थ बाहेरून वाफ कंडेन्स होतेय किंवा रेफ्रिजरंट उकळतंय. एच-१ म्हणजे लांबीच्या दिशेने उष्णता सारखी येतेय पण आडव्या छेदात फिरलं तर भिंतीचं तापमान सगळीकडे एकच, म्हणजे भिंत जाड आणि तांबं-ॲल्युमिनियमसारखी चांगली कंडक्ट करणारी, त्यामुळे कोपऱ्यात साठलेली उष्णता धातूतूनच बाजूला सरकते. एच-२ म्हणजे लांबीतही आणि परिमितीतही उष्णता सारखी, भिंत इतकी पातळ किंवा इतकी खराब कंडक्टर की उष्णतेला बाजूला सरकताच येत नाही. पातळ स्टेनलेस पत्रा, प्लास्टिक, काच, हे या बाजूला जातात.

गोल पाइपमध्ये एच-१ आणि एच-२ एकच, दोन्ही ४.३६, कारण कोपराच नाही. कोपरे आले की फरक पडतो आणि थोडाथोडका नाही. समभुज त्रिकोणात एच-१ ला ३.११ आणि एच-२ ला १.८९. एकास चार आयतात एच-१ ला ५.३३ आणि एच-२ ला २.९३. तोच डक्ट, तोच द्रव, तोच वेग, फक्त ॲल्युमिनियमऐवजी पातळ प्लास्टिक घेतलं की नसेल्ट नंबर जवळपास अर्धा. कारण कोपऱ्यात द्रव जवळजवळ थांबलेला असतो, तिथे आलेली उष्णता उचलायला कोणी नसतं, त्यामुळे कोपऱ्याचं तापमान चढत राहतं. थ्रीडी प्रिंट केलेले प्लास्टिकचे चॅनल हल्ली खूप लोक करतात, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता टेबल. खालचे आकडे फुली डेव्हलप्ड फ्लोचे आहेत, हायड्रॉलिक डायमीटरवर बेतलेले. शहा आणि लंडन यांनी १९७८ मध्ये असे आकडे एकत्र केले आणि आजही सगळे तेच वापरतात. शेवटचा आकडा फ्रिक्शन फॅक्टर गुणिले रेनॉल्ड्स, त्याला मी पुढे एफरे म्हणेन. हा फॅनिंगचा फ्रिक्शन फॅक्टर आहे, डार्सीचा हवा असेल तर चारने गुणा. गोल पाइपला इथे १६ आहे, तुमच्या पुस्तकात ६४ असेल तर ते डार्सीवालं पुस्तक.

गोल: टी ३.६६, एच-१ ४.३६, एफरे १६
चौरस: टी २.९८, एच-१ ३.६१, एफरे १४.२३
आयत १:२: टी ३.३९, एच-१ ४.१२, एफरे १५.५५
आयत १:४: टी ४.४४, एच-१ ५.३३, एफरे १८.२३
आयत १:८: टी ५.६०, एच-१ ६.४९, एफरे २०.५८
दोन समांतर प्लेटा: टी ७.५४, एच-१ ८.२३५, एफरे २४
समभुज त्रिकोण: टी २.४७, एच-१ ३.११, एफरे १३.३३
षटकोन: टी ३.३४, एच-१ ४.००, एफरे १५.०५

समांतर प्लेटांपैकी एकच गरम आणि दुसरी इन्सुलेटेड असेल तर टी ४.८६ आणि एच-१ ५.३८५. कोल्ड प्लेटमध्ये उष्णता एकाच बाजूने येते म्हणून लोक घाईने हा आकडा घेतात, पण चॅनलच्या बाजूच्या भिंती धातूच्या आणि जाड असतील तर त्याही गरम होतात आणि फिनसारखं काम करतात, तेव्हा चारही भिंतींचा आकडा जास्त बरोबर बसतो. धातू किती जाड आहे ते बघून ठरवा.

हे टेबल बघून एक चुकीचा निष्कर्ष लगेच निघतो, तो असा की त्रिकोण वाईट कारण त्याचा नसेल्ट सगळ्यात कमी. थांबा. नसेल्ट हायड्रॉलिक डायमीटरवर मोजलाय आणि प्रत्येक आकाराचा हायड्रॉलिक डायमीटर वेगळा आहे. समान क्षेत्रफळ, समान फ्लो धरला तर एक मीटर लांबीतून एका अंशाच्या फरकाला किती उष्णता जाते ते बघायला हवं, आणि ते येतं नसेल्ट × कंडक्टिव्हिटी × परिमितीचा वर्ग ÷ (४ × क्षेत्रफळ). हे काढून बघितलं तर गोलाला १ धरल्यास चौरस १.०४, समभुज त्रिकोण १.१२ आणि १:४ आयत तब्बल २.४१ येतो. म्हणजे ज्याचा नसेल्ट सगळ्यात कमी तो त्रिकोण गोल पाइपपेक्षा १२ टक्के जास्त उष्णता नेतो. पण फुकट नाही, प्रेशर ड्रॉप बघा: त्याच हिशोबाने चौरस १.१३, त्रिकोण १.३८, १:४ आयत २.२७. त्रिकोणात १२ टक्के उष्णतेसाठी ३८ टक्के जास्त प्रेशर मोजावं लागतं, तर चपट्या आयतात २.४१ पट उष्णता मिळते आणि प्रेशर २.२७ पट. म्हणून मोकळेपणाने आकार निवडता येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, चपटा आयत घ्या. १९८१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीस यांनी सिलिकॉनमध्ये ५० मायक्रॉन रुंद आणि ३०० मायक्रॉनच्या आसपास खोल अशा फटी कोरल्या आणि पाण्याने दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट काढून दाखवले, ते लॅमिनर फ्लोमध्येच, आणि त्यामागे हाच अरुंद-खोल फटीचा हिशोब होता.

आता मुख्य काम, डेव्हलप होत असलेला फ्लो. इथे इतिहास थोडक्यात सांगतो कारण फॉर्म्युला कसा जोडलाय ते त्याने कळतं. ग्रेट्झने १८८० च्या दशकात गोल पाइपमधला प्रश्न सोडवला, त्यात वेगाचं प्रोफाइल आधीच डेव्हलप झालेलं आणि तापमानाचं होत असलेलं. नसेल्टने १९१० मध्ये तेच स्वतंत्रपणे केलं. १९२८ मध्ये लेव्हेकने सुरुवातीच्या भागासाठी सोपा मार्ग काढला: भिंतीजवळ वेग सरळ रेषेत वाढतो एवढंच धरायचं, आणि मग नसेल्ट हा अंतराच्या उलट्या घनमुळाप्रमाणे कमी होत जातो. हा मार्ग आकारासाठी फार सोयीचा आहे, कारण भिंतीजवळचा उतार एफरेवरून कळतो आणि एफरे प्रत्येक आकाराचं माहीत असतं. अगदी तोंडाशी मात्र वेगही डेव्हलप होत असतो, तिथे सपाट प्लेटचं बाउंडरी लेयरचं गणित लागू पडतं. म्हणजे एकूण तीन तुकडे झाले, अगदी तोंडाशी बाउंडरी लेयर, मध्ये लेव्हेक, शेवटी टेबलातला स्थिर आकडा. २००४ मध्ये कॅनडातल्या मुझिच्का आणि योव्हानोव्हिच यांनी हे तीन तुकडे एका फॉर्म्युल्यात जोडले, आणि हायड्रॉलिक डायमीटरऐवजी क्षेत्रफळाचं वर्गमूळ लांबी म्हणून घेतलं. या एका बदलाने वेगवेगळ्या आकारांचे आकडे एकमेकांच्या खूप जवळ आले. मला हा फॉर्म्युला मनापासून आवडतो कारण त्यात आकार आत शिरतो तो फक्त एका रेशोमधून, आयताची छोटी बाजू भागिले मोठी बाजू. त्याला आपण ई म्हणू.

फॉर्म्युला असा वापरायचा. घातासाठी ^ चिन्ह लिहितोय. क्षेत्रफळाचं वर्गमूळ म्हणजे आपली लांबी, तिला ल म्हणू. रेनॉल्ड्स नंबर याच ल वर काढायचा. मग

झेड = (डक्टची लांबी ÷ ल) ÷ (रेनॉल्ड्स × प्रान्टल)
एफरे = १२ ÷ [√ई × (१ + ई) × (१ − ०.६२७ × ई × टॅनएच(पाय ÷ (२ × ई)))]

यात टॅनएच म्हणजे एक्सेलमधलं TANH आणि पाय म्हणजे ३.१४१६. सावध, हा एफरे ल वर आहे, वरच्या टेबलातला हायड्रॉलिक डायमीटरवर. पुढे सरासरी नसेल्टसाठी आणि सारख्या तापमानाच्या भिंतीसाठी तीन तुकडे:

क = ३.२४ × एफरे ÷ (१४.१८ × ई^०.१)
ख = ०.६१३५ × (एफरे ÷ झेड)^(१/३)
ग = २ × प ÷ √झेड, यात प = ०.५६४ ÷ [१ + (१.६६४ × प्रान्टल^(१/६))^४.५]^(२/९)

आधी क आणि ख जोडायचे: (क^५ + ख^५)^(१/५). जे येईल त्याला ग बरोबर जोडायचं, पण घात ५ ऐवजी म = २.२७ + १.६५ × प्रान्टल^(१/३). जे उत्तर आलं तो ल वर मोजलेला सरासरी नसेल्ट, त्याला कंडक्टिव्हिटीने गुणा आणि ल ने भागा की हीट ट्रान्सफर कोएफिशंट. भिंतीतून सारखी उष्णता येत असेल तर ३.२४ च्या जागी ३.८६, ०.६१३५ च्या जागी ०.७५१५, प मध्ये ०.५६४ च्या जागी ०.८८६ आणि १.६६४ च्या जागी १.९०९, बाकी सगळं तेच.

उदाहरण घेऊया, म्हणजे हाताला सवय होईल. चॅनल १ मिमी रुंद, ४ मिमी खोल, १०० मिमी लांब. पाणी ३० अंशाला आत येतंय, वेग ०.५ मीटर प्रति सेकंद, भिंत ६० अंशाला. पाण्याचे गुणधर्म ३५ अंशाला घेतो, सगळे एसआय एककांत: घनता ९९४, उष्माधारकता ४१७८, कंडक्टिव्हिटी ०.६२३, व्हिस्कॉसिटी ०.०००७२, प्रान्टल ४.८३. हायड्रॉलिक डायमीटर १.६ मिमी, त्यावर रेनॉल्ड्स ११०४, म्हणजे बिनधास्त लॅमिनर. वेग डेव्हलप व्हायला ८८ मिमी लागतात आणि तापमानाला ४२७ मिमी, आणि आपला चॅनल आहे १०० मिमीचा. म्हणजे तापमान शेवटपर्यंत डेव्हलप होतच राहणार. टेबलातला ४.४४ इथे लागूच नाही.

ल = २ मिमी, त्यावर रेनॉल्ड्स १३८१, झेड = ५० ÷ (१३८१ × ४.८३) = ०.००७५. ई = ०.२५ वरून एफरे २२.७७ येतो. टेबलातल्या १८.२३ ला २ ÷ १.६ ने गुणून बघा, २२.७९, जुळलं. क येतो ५.९८, ख येतो ८.८८, जोडून ९.१२. प ०.२५९ आणि ग ५.९८, म ५.०६, सगळं जोडून ९.३२. हीट ट्रान्सफर कोएफिशंट ९.३२ × ०.६२३ ÷ ०.००२ = जवळपास २९०० वॅट प्रति चौरस मीटर केल्व्हिन. हायड्रॉलिक डायमीटरच्या भाषेत नसेल्ट ७.४६.

आउटलेटचं तापमान काढायला कोएफिशंट × भिंतीचं क्षेत्रफळ = २.९०, मास फ्लो × उष्माधारकता = ८.३१, भागाकार ०.३५. आउटलेट = ६० − ३० × EXP(−०.३५) (एक्सेलमधलं EXP, वरचा ई नव्हे), म्हणजे ३८.८ अंश, आणि उष्णता ७३.५ वॅट. पाण्याचं सरासरी तापमान ३४.४ आलं, आपण ३५ धरलं होतं, पुन्हा फिरवायची गरज नाही. फरक जास्त असता तर गुणधर्म बदलून एकदा परत करावं लागलं असतं.

आता तुलना करा. टेबलातला ४.४४ सरळ टाकला असता तर आउटलेट ३५.६ अंश आणि उष्णता फक्त ४६.८ वॅट निघाली असती, म्हणजे खऱ्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. उलट कोणी सवयीने डिटस-बोल्टर टाकलं असतं तर नसेल्ट ११.७, म्हणजे दीडपटीहून जास्त. डिटस-बोल्टर टर्ब्युलंट फ्लोसाठी आहे, रेनॉल्ड्स १०,००० च्या वर, तरी लॅमिनरच्या रिपोर्टमध्ये ते टाकलेलं दिसतं आणि फार वाईट वाटतं, कारण त्यावर कोणीतरी खरा चॅनल बनवणार असतं.

उत्तर खरं आहे का हे तपासायची एक सोपी युक्ती. गोल पाइपसाठी हाउसेनचा फॉर्म्युला आणि समांतर प्लेटांसाठी एडवर्ड्सचा फॉर्म्युला, दोन्ही ग्रेट्झ नंबरवर चालतात, ग्रेट्झ = रेनॉल्ड्स × प्रान्टल × हायड्रॉलिक डायमीटर ÷ लांबी, आपल्याकडे ८५. हाउसेन: ३.६६ + ०.०६६८ × ग्रेट्झ ÷ (१ + ०.०४ × ग्रेट्झ^(२/३)) = ६.८७. एडवर्ड्स: ७.५४ + ०.०३ × ग्रेट्झ ÷ (१ + ०.०१६ × ग्रेट्झ^(२/३)) = ९.४९. आयत १:४ या दोघांच्या मध्ये बसायला हवा आणि आपला ७.४६ बसतोय. हे दोन मिनिटांचं काम आहे, दर वेळी करा.

प्रेशर ड्रॉपलाही एन्ट्रन्सचा भाग लागतो. लांबी ÷ ल ÷ रेनॉल्ड्स काढा, इथे ०.०३६२. त्याच्या वर्गमुळाने ३.४४ ला भागा, १८.१. आता १८.१ आणि २२.७७ यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ, २९.१. म्हणजे फुली डेव्हलप्डपेक्षा २८ टक्के जास्त, ५१३ पास्कलच्या जागी साधारण ६५५ पास्कल. मॅनिफोल्डमधले, वळणांमधले लॉस वेगळे.

नसेल्टचा हा तीन तुकड्यांचा फॉर्म्युला कुठे कमी पडतो तेही सांगायला हवं. फुली डेव्हलप्ड टोकाला चौरसासाठी तो ३.२३ देतो, खरा आकडा २.९८, ८ टक्के जास्त. १:४ आयतालाही तेवढाच. गोलाला (ई १ धरून) तर ३.६४ देतो, जवळजवळ नेमका. पण समभुज त्रिकोणाला, तिथेही ई १ धरून, १५ टक्क्यांच्या आसपास जास्त देतो. यावर उपाय सोपा आहे, क फॉर्म्युल्यातून न काढता टेबलातला आकडा ल वर बदलून तिथे ठेवायचा, म्हणजे नसेल्ट × ल ÷ हायड्रॉलिक डायमीटर. एफरेही तसाच टेबलातून. बाकीची जोडणी तशीच ठेवायची. ९० अंशांपेक्षा टोकदार कोपरे असतील तेव्हा मी नेहमी असंच करतो.

आणि आकार टेबलात नसेलच तर? एल आकाराचा चॅनल, खाचा असलेला, अर्धा भरलेला, काहीही. तेव्हा एक्सेल उघडा. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही आणि एकदा केलं की नसेल्ट नंबर म्हणजे नक्की काय ते कायमचं कळतं.

शीटवर आडव्या छेदाचा नकाशा काढा, ४० बाय ४० सेलचा चौरस घेऊन सुरुवात करा. भिंतीवरचे सेल शून्य. आतल्या प्रत्येक सेलमध्ये लिहा: वर-खाली-डावा-उजवा यांची बेरीज, अधिक सेलच्या बाजूचा वर्ग, सगळं भागिले चार. फाइल मेनूतल्या ऑप्शन्समध्ये फॉर्म्युला भागात इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करा, इटरेशनचा आकडा मोठा ठेवा आणि मॅक्सिमम चेंज खूप लहान, नाहीतर एक्सेल मध्येच थांबतं आणि तुम्हाला वाटतं झालं. आकडे हलायचे थांबले की हे तुमचं वेगाचं प्रोफाइल. त्याची छेदावरची सरासरी काढा. एफरे = हायड्रॉलिक डायमीटरचा वर्ग ÷ (२ × सरासरी). चौरसाला १४.२३ च्या अगदी जवळ आलं पाहिजे, नाही आलं तर पुढे जाऊच नका, शीटमध्ये कुठेतरी चुकलंय.

मग दुसरी शीट, तीच रचना, भिंतीवर शून्य, फक्त आतल्या सेलमध्ये बाजूच्या वर्गाला त्या सेलच्या वेग ÷ सरासरी वेग या आकड्याने गुणा. हे तापमानाच्या फरकाचं प्रोफाइल. याची सरासरी साधी नाही, वेगाच्या वजनाने काढायची, कारण आपल्याला वाहून जाणाऱ्या द्रवाचं तापमान हवंय. नसेल्ट = हायड्रॉलिक डायमीटरचा वर्ग ÷ (४ × ही सरासरी). चौरसाला ३.६१ यायला हवा, हा एच-१.

टी हवा असेल तर तिसरी शीट: बाजूच्या वर्गाला वेग ÷ सरासरी वेग या आकड्याने गुणायचं, आणि शिवाय दुसऱ्या शीटमधल्या तापमान ÷ त्याची सरासरी यानेही. नवीन सरासरीवरून नसेल्ट काढा, मग नवीन प्रोफाइलची व्हॅल्यू पेस्ट करून दुसऱ्याच्या जागी टाका आणि परत. काही फेऱ्यांत आकडा २.९८ वर येऊन थांबतो. चौरस जुळला की मग तुमचा विचित्र आकार, तिरक्या भिंतींच्या ठिकाणी पायऱ्या पडतात म्हणून तिथे सेल बारीक घ्या, आणि सेल अर्धे करून आकडा किती हलतो ते बघा. एक टक्क्याच्या आत हलत असेल तर डिझाइनसाठी पुरेसं आहे. इथून मिळालेला एफरे आणि नसेल्ट वरच्या तीन तुकड्यांत टाकले की डेव्हलपिंग फ्लोही हातात आला.

दोन दुरुस्त्या राहिल्या. व्हिस्कॉसिटी तापमानाने बदलते, भिंतीजवळचं पाणी गरम म्हणून पातळ. १९३६ चा सीडर-टेटचा उपाय अजून चालतो: नसेल्टला (द्रवाची व्हिस्कॉसिटी ÷ भिंतीवरची व्हिस्कॉसिटी)^०.१४ ने गुणायचं. आपल्या उदाहरणात त्याने ६ टक्के वाढ होते, तेलात याहून खूप जास्त, आणि तेल थंड होत असेल तर उलटं, भिंतीवरचं तेल घट्ट आणि नसेल्ट कमी. दुसरं नॅचरल कन्व्हेक्शन, म्हणजे गरम द्रव हलका होऊन आपोआप वर चढणं; त्याचा जोर ग्रॅशॉफ नंबर सांगतो. ग्रॅशॉफ नंबर भागिले रेनॉल्ड्सचा वर्ग काढा, ०.१ च्या बराच खाली असेल तर विसरा. १.६ मिमीच्या चॅनलमध्ये तो हजारात एकपेक्षाही कमी येतो, पण ग्रॅशॉफ डायमीटरच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे २० मिमीच्या डक्टमध्ये सावकाश वाहणाऱ्या पाण्याला मोजावंच लागतं.

आणि शेवटी वर्कशॉपची गोष्ट. कोल्ड प्लेटमध्ये एक चॅनल नसतो, वीस-तीस समांतर असतात आणि सगळ्यांवर प्रेशर तेच. १ मिमीचा चॅनल मशीनिंगमध्ये १.१ मिमी झाला तर त्याच प्रेशरला त्यातून सुमारे ३० टक्के जास्त पाणी जातं, कारण अरुंद फटीत फ्लो रुंदीच्या घनाच्या जवळपास वाढतो, आणि एकूण पाणी तेवढंच असेल तर शेजारच्या चॅनलला तेवढं कमी पडतं. म्हणून प्लेट बनून आली की झाकण बसवायच्या आधी प्रत्येक चॅनलची रुंदी फीलर गेजने दोन्ही टोकांना मोजा, आणि सगळ्यात अरुंद चॅनलसाठी त्याचा खरा वेग धरून झेड, नसेल्ट आणि आउटलेट परत काढा.